पिल्लू आणलं, पण अट वाचली का?

धुणी-भांडी आवरून रेडिओजवळ बसलेल्या, आणि शिवारात खुरपं हातात घेऊन मोबाईलवर ऐकणाऱ्या, अशा तुम्हां सगळ्यांना नमस्कार.

आज एका कागदाबद्दल बोलायचंय. प्राण्यांच्या निवारा केंद्रातून कुत्र्याचं नाहीतर मांजराचं पिल्लू दत्तक घेतलं की एका अर्जावर सही करावी लागते. नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, घरातले सगळे तयार आहेत का, असं सगळं त्यात विचारतात. आणि खाली एक अट असते: जनावर वयात आलं की, किंवा त्याच्या थोडं आधीच, त्याची नसबंदी करून घ्यायची. जनावर मोठं असेल तर बहुतेक ठिकाणी केंद्रच ऑपरेशन करून मग हातात देतं. पिल्लू लहान असेल तर तुमच्याकडून शब्द घेतात. काही ठिकाणी अनामत ठेवून घेतात आणि ऑपरेशनचा कागद दाखवला की परत करतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तर ही अट कायद्यातच आहे.

इथं पुष्कळ जणी थबकतात. कुत्रं आमच्या घरी राहणार, भाकर आमची खाणार, मग त्याला पिल्लं व्हावी की नाही हे केंद्रवाल्यांनी का ठरवावं? प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर एका साध्या हिशोबात आहे.

कुत्री साधारण सहा महिने ते वर्षभरात पहिल्यांदा माजावर येते. त्यानंतर बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा येतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांत व्यायते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात, कधी जास्तही. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते, वर्षातून दोन-तीनदा व्यायते. म्हणजे केंद्राने एका पिल्लाला घर दिलं आणि दीड वर्षात त्याच घरातून पाच पिल्लं बाहेर पडली, तर रस्त्यावरची गर्दी वाढलीच ना? ज्या पाचांना घर शोधायचं, त्यांच्यासाठी केंद्रात जागा नाही, गल्लीत घर नाही. ही अट त्या पाचांसाठी आहे.

आता आपल्या गंगापूरचं बघू. आपल्याकडे पिल्लू आणायला केंद्रात कोण जातं? पिल्लू आपोआप येतं. शेजारची कुत्री व्याली, लेकरानं एक उचलून आणलं. वाळूजच्या कंपनीच्या गेटवर भेटलं, लासूरच्या बाजारात पायात घोटाळलं, ते पिशवीत घालून आणलं. अर्ज नाही, सही नाही, अट नाही. पण मैत्रिणींनो, तेही दत्तकच आहे. आणि जिथं अट घालणारं कुणी नाही, तिथं ती आपली आपणच घालून घ्यायची असते.

असं पिल्लू आणताना पहिला प्रश्न काय विचारतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. नर आहे का मादी? नर असला की लगेच घर मिळतं. मादी असली की ‘नको बाई, उगाच पिल्लांची कटकट’. मग त्या माद्या पोत्यात भरून गावाबाहेर, उकिरड्यावर, नाहीतर देवळासमोर सोडल्या जातात. त्यातल्या जगतात त्या सहा-आठ महिन्यांत स्वतः गाभण राहतात आणि चक्र पुन्हा सुरू. मादी नकोशी होते ती पिल्लांच्या भीतीनं. ती भीती एका ऑपरेशननं जाते. म्हणजे ही अट पाळली, तर मादी पिल्लालाही नरासारखंच घर मिळू शकतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आणि नर आणला म्हणजे सुटलो, असंही नाही. घरचा नर पिल्लं घालत नाही, पण गावभर फिरून येतो. पिल्लं दुसऱ्याच्या दारात होतात, एवढाच फरक. आपल्या माणसांतही हेच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के होती आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. ऑपरेशन म्हटलं की बाईचंच, हे आपण घरात सोसलंय. निदान कुत्र्यांच्या बाबतीत तरी तसं नको. नराचं ऑपरेशन मादीपेक्षा सोपं, लवकर भरून येणारं असतं. फक्त ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, तेवढे दिवस त्याला बांधून ठेवा.

मनात जे प्रश्न येतात ते आता एकेक घेऊ.

पहिला: हे बाईच्या ऑपरेशनसारखंच असतं का? नाही. आपल्या ऑपरेशनमध्ये नळ्या बंद करतात, पाळी चालू राहते. कुत्रीचं मात्र अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. त्यामुळे माज कायमचा थांबतो. दारासमोर दहा कुत्र्यांची भांडणं, अंगणात रक्ताचे डाग, हे सगळं बंद. शिवाय उतारवयात कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जो जीवघेणा आजार आहे, तो टळतो. ज्यांच्या कुत्रीचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी हे लक्षात ठेवा: माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत कुत्री खाईना, पाणी खूप प्यायला लागली, पोट फुगलं, मागून घाण येऊ लागली, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होतो.

दुसरा: एकदा तरी आई होऊ द्यावी, नाहीतर पाप लागेल. ही माया मला कळते. पण कुत्रीच्या तब्येतीला एका वेताची गरज नसते. आणि झालेल्या पिल्लांची ताटातूट करून त्यांना बाजारात सोडणं, हे कुठल्या पुण्यात बसतं?

तिसरा: मग ते राखण करणार नाही. आपल्या घरी बैलाचं खच्चीकरण पिढ्यानपिढ्या होत आलंय. बैल औत ओढायचा थांबला का? कुत्र्याचंही तसंच. अनोळखी माणूस आला की ते भुंकणारच. उलट माद्यांच्या मागे भटकणं आणि त्यापायी होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात, म्हणजे ते घराशीच जास्त थांबतं. लठ्ठ होतं म्हणाल, तर भूक थोडी वाढते हे खरं. भाकरीचा तुकडा कमी करा, फिरवा.

चौथा: कायदा काय म्हणतो? मुंबईत पूर्वी महापालिका वर्षानुवर्षं भटकी कुत्री मारायची, तरी ती संपली नाहीत. शेवटी मारण्याऐवजी नसबंदीचा रस्ता धरला गेला आणि २००१ साली केंद्र सरकारनं त्याचे नियम केले. त्या जागी आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपरिषद, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थांची जबाबदारी. पाळलेल्या जनावराची मात्र मालकाची. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सांगितलं की प्राणिप्रेमींना कुत्रं दत्तक घ्यायला अर्ज करता येईल, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी त्यांची. मी म्हणते, त्याची पिल्लंही जाता कामा नयेत.

आता करायचं काय ते सांगते. पिल्लू घरात आलं त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा. पिल्लू दोन महिन्यांचं असेल, तर पुढचे तीन-चार महिने लसी आणि जंताच्या औषधाचे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदीचं विचारा. मोठ्या जातीचं कुत्रं असेल तर डॉक्टर थोडं थांबायला सांगतील, त्यांचं ऐका. मोठं कुत्रं आणलं असेल तर आधी कान बघा. कानाला कापल्याची सरळ खाच असेल तर बहुतेक त्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचं ऑपरेशन होतं का, कोणत्या दिवशी, खर्च किती, हे आधी विचारून या. तिथं नसेल तर संभाजीनगरला जावं लागेल. दोन-तीन घरांनी मिळून एकच गाडी केली तर परवडतं. ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, तेवढं नक्की पाळा. नंतर साधारण दहा-बारा दिवस जखम चाटू द्यायची नाही, आंघोळ नाही, धावपळ नाही, कोरड्या जागी ठेवायचं. जखमेतून पाणी आलं, सूज वाढली तर परत दाखवायचं.

पैसे लागतात, हे मला ठाऊक आहे. कापसाच्या पैशातून कुत्र्यासाठी खर्च मागायचा, तर घरात बोलणी खावी लागतात. तेव्हा घरच्यांना एवढंच विचारा: कुत्री व्याली तर पाच पिल्लांना दूध कोण घालणार, घाण कोण काढणार, आणि शेवटी पोतं घेऊन गावाबाहेर कोण जाणार? पहिल्या दोन्हींचं उत्तर आपणच आहोत, बाया. तिसऱ्याचं उत्तर द्यायला कुणी पुढं येत नाही.

म्हणून पिल्लू आणा, जरूर आणा. मादी मिळाली तर तीही आणा. फक्त त्या न लिहिलेल्या कागदावर मनातल्या मनात सही करून आणा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.