पतिपत्नींचे दोन दिवस
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या विवाहित जोडप्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



अशा प्रसंगीं धर्मगुरूनें कुटुंबप्रार्थना, मुलांचें शिक्षण किंवा व्यसनमुक्ति ह्यांवर बोलावें असा परिपाठ आहे, व ते विषय थोर आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु आज आम्ही एका साध्या, कित्येकांस हलक्याही वाटेल अशा गोष्टीविषयीं बोलणार आहों. पतिपत्नींनीं मुलांना घरीं ठेवून शनिवार-रविवार शहरीं जाऊन राहावें काय, आणि जावयाचें तर कसें, हा तो विषय होय.

संसार न केलेल्या मनुष्यानें संसारावर बोलूं नये, असें कोणी मनांत म्हणत असेल. पण घर खचूं लागलें म्हणजे लोक आमच्याच दारीं येतात, आणि पहिला तडा कोठें गेला तें आम्हांस ऐकावें लागतें. शिवाय आशीर्वादासाठीं घरोघर जातांना एक गोष्ट वारंवार दिसते. लग्नास बारा-पंधरा वर्षें झालेलीं आहेत, भांडण नाहीं, व्यसन नाहीं, मुलें शहाणीं आहेत. तथापि पतिपत्नींमध्यें बोलणें म्हणून उरलेलें नसतें. जें होतें तें शाळेच्या फीचें, डब्याचें, चुकलेल्या गाडीचें व विजेच्या बिलाचें. तीं दोघें उत्तम आईबाप झालीं, पण पतिपत्नी असण्याचें त्यांनीं हळूहळू सोडून दिलें. पुढें मुलें नोकरीसाठीं दूर गेलीं म्हणजे त्या रिकाम्या घरांत दोन अनोळखी माणसें समोरासमोर बसतात. ह्या दुःखाचा आवाज होत नाहीं, म्हणून तें शेजाऱ्यांस कळत नाहीं. आणि पुष्कळदां त्या दोघांसही उशिरां कळतें.

वेदीपुढें तुम्हीं जें वचन दिलें तें एकमेकांस दिलें. मुलें हें त्या वचनाचें फळ होय. आमच्या वसईच्या वाडींतील कोणताही शेतकरी जाणतो कीं, केळीचा घड कितीही भरला तरी पाणी बुंध्याशींच सोडावें लागतें. हा विचार नवा नव्हे. 1962 सालीं स्पेन देशांत फादर गाब्रिएल काल्व्हो ह्यांनीं जोडप्यांस घरापासून दूर, मुलांवांचून, दोन-तीन दिवस एकत्र बसविण्यास प्रारंभ केला. तेंच कार्य पुढें ‘मॅरेज एन्काउंटर’ ह्या नांवानें जगभर पसरलें. पोप फ्रान्सिस ह्यांनींही 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ ह्या पत्रांत प्रेमास निवांत वेळ लागतो हें आवर्जून सांगितलें आहे.

“मुलांना टाकून फिरावयास गेलीं, असें लोक म्हणतील,” हा पहिला आक्षेप. लोक म्हणतील खरे. आणि तो शब्द आईलाच लागेल, कारण बाप रोज बाहेर असतो म्हणून त्यास कोणी विचारीत नाहीं. पण आजीच्या कुशींत दोन रात्री निजणें म्हणजे टाकलें जाणें नव्हे. आपले आईबाप एकमेकांच्या सहवासासाठीं वेळ काढतात, हें मुलांनीं पाहिलेलें बरें. आपल्या संसारांत काय अपेक्षावें, हें मुलगी घरींच शिकते. आणि बायकोशीं कसें वागावें, हें मुलगाही तेथेंच शिकतो.

आतां योजना. परीक्षेचे दिवस व पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्यांतील दोन दिवस निवडावे. आजी, मावशी किंवा आत्या ह्यांस निदान पंधरा दिवस आधीं विचारावें. आयत्या वेळीं गळ घालूं नये. औषधें, जेवणाच्या सवयी व डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून द्यावा. मुलें निजलेलीं पाहून चोरून निघूं नये. कोठें जातों व केव्हां परत येतों तें त्यांस स्पष्ट सांगावें, व सांगितल्या वेळीं परतावें. पुढील महिन्यांत आत्याचीं मुलें आपल्या घरीं ठेवून घ्यावीं, म्हणजे उपकाराचें ओझें राहत नाहीं. खर्चाचा आकडा आधीं ठरवावा, व ऋण काढून मुळींच जाऊं नये. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या जेवणावळीवर आपण जें उधळतों, त्याच्या अल्पशा अंशांत हें साधतें.

जावें कोठें? दूर जाण्याचें कारण नाहीं. वसई रोडहून चर्चगेट सुमारें 52 किलोमीटर. आपल्यांतील कित्येक पुरुष वीस-वीस वर्षें त्या मार्गानें जातात, पण त्यांस मुंबई म्हणजे फलाट आणि कचेरी एवढीच ठाऊक. आणि त्यांच्या पत्नींस तेवढीही नाहीं. शनिवारीं गर्दी ओसरल्यावर निघावें. चर्चगेटपासून थोड्याच अंतरावर ओव्हल मैदान आहे. त्याच्या पूर्वेस 1878 चा राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय, पश्चिमेस आर्ट डेको शैलीचीं घरें. ह्या दोन्ही शैलींच्या वास्तुसमूहास 2018 सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. ह्याच मैदानावर 1964 सालीं आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली होती व त्यासाठीं पोप पॉल सहावे मुंबईस आले होते. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून जावें, कदाचित् त्यांच्या आठवणी निघतील. तेथून पायींच वस्तुसंग्रहालय गांठावें, आणि सायंकाळीं मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसावें. बसण्यास पैसे पडत नाहींत.

रविवारीं कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्यें मिस्सा ऐकावी. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेंही रविवारचें कर्तव्य पुरें होतें, हें ध्यानांत असावें. मग गेटवेहून लाँचनें तासाभरांत घारापुरी. सोमवारीं तेथील लेणीं बंद असतात, म्हणून हा बेत रविवारींच करावा.

तीन पथ्यें मात्र पाळावीं. पहिलें, सगळें पाहण्याचा हट्ट नको. दोन स्थळें पाहून तीन तास बोलत बसणें अधिक मोलाचें. दुसरें, मुलांस फोन दिवसांतून एकदांच, सायंकाळीं करावा, व त्यानंतर तो पिशवींत ठेवावा. तिसरें, क्रॉफर्ड मार्केटांत शिरूं नये. शिरलेली आई मुलांच्याच कपड्यांचें गांठोडें घेऊन बाहेर येते, व ते दोन दिवसही मुलांचेच होतात! पहिल्या दिवशीं बोलावयास कांहीं सुचलें नाहीं तर घाबरूं नये. बंद पडलेली विहीर उपसतांना आरंभीं गढूळच पाणी येतें. जुना हिशेब मात्र काढूं नये; एकमेकांस एवढेंच विचारावें, “सध्यां तुमच्या मनांत काय चाललें आहे?”, “तुला कशाची भीति वाटते?” आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावें.

ज्यांच्या घरीं आजारी माणूस आहे, किंवा ज्यांस एवढाही खर्च झेपत नाहीं, त्यांनीं स्वतःस कमी लेखूं नये. शेजारणीकडे मुलें ठेवून वसईच्या किल्ल्यांत वा समुद्रकांठीं काढलेली एक सायंकाळही तेंच कार्य करील.

ज्युबिली म्हणजे मागील वर्षांची नुसती मोजदाद नव्हे. मंदिराच्या भिंतींस आपण ह्या वर्षीं रंग दिला. ज्या घरांवर हें मंदिर उभें आहे त्यांचीही डागडुजी झाली पाहिजे. म्हणून आज घरीं गेल्यावर दोघांनीं कॅलेंडरसमोर उभें राहून एक शनिवार निश्चित करावा, एवढीच आमची विनंती. प्रभु येशू, ज्यानें काना गांवच्या लग्नांत सरलेला द्राक्षारस पुनः भरून दिला, तो तुमच्या संसारांतील गोडीही भरून देवो.