बर्फाच्या देशातली केळ



उकाड्याने जीव हैराण झालेला असताना मी आपल्यापुढे थंडीविषयी बोलायला उभा आहे. तेवढाच आपल्याला गारवा!

विषय सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती दक्षिण इंग्लंडमध्ये राहते. घरामागच्या हातभर जागेत तिने हौसेने केळ लावली. उन्हाळ्यात ती पुरुषभर उंच झाली. डिसेंबरातल्या एका रात्री दव गोठले, आणि सकाळी पाने काळी पडून उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबू लागली. भाचीने फोन केला, "मामा, केळ गेली हो!" मी म्हटले, "मग उपटून टाक." उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाचा हा सल्ला! सुदैवाने पोरगी आळशी. तिने केळ उपटली नाही, आणि मे महिन्यात त्याच जागी हिरवी सुरळी वर आली.

माझे चुकले कुठे? जमिनीवर दिसते तेच झाड, असे मी धरून चाललो. केळीचा खांब हे खोड नव्हेच. ती एकात एक घट्ट बसलेली पानांची सोपटे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. पानातले पाणी गोठले की पान संपते, पण मातीच्या पांघरुणाखाली थंडी तितकी उतरत नाही. त्यातून भाचीची केळ मुसा बासजू या जातीची. ही मूळची दक्षिण चीनची, जपानात शतकानुशतके रुजलेली. १६८१ च्या सुमारास एका शिष्याने आपल्या कवी-गुरूच्या झोपडीपुढे अशी एक केळ लावली. तिच्यावरूनच त्या कवीचे बाशो हे नाव रूढ झाले. कंदावर पेंढ्याचा जाड थर दिला तर ही केळ उणे १० अंशांची थंडीही काढते. फळ मात्र बियांनी भरलेले, खाण्याजोगे नाही.

हे कळल्यावर भाचीने साहजिकच विचारले, "मग खायची केळी का लावू नये?" खरी गोम इथे आहे. केळीच्या एका कोंबाला तीसचाळीस पाने यावी लागतात. मग कंदाचा शेंडा फुलाचे रूप घेऊन सोपटांच्या पोकळीतून वर चढतो आणि माथ्यावर घड निसवतो. आपल्याकडे लागवडीपासून काढणीपर्यंत एखादे वर्ष, थोडे कमीअधिक, लागते. पण हवा १६ अंशांच्या खाली गेली की नवे पान निघणे जवळजवळ थांबते. इंग्लंडात वाढीचे महिने पाचसहा. तेवढ्यात निम्मी पाने होतात न होतात तोच हिवाळा येऊन खांब झोपवतो. पुढल्या वर्षी कंदातून नवे पिल निघते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! कंद वाचला तर झाड वाचते, पण घडासाठी खांबच वाचवावा लागतो. म्हणून तिकडचे हौशी लोक थंडीच्या तोंडाशी पाने छाटतात, खांबाभोवती जाळीचे कडे उभे करतात, त्यात कोरडा पेंढा ठासतात आणि वर पावसासाठी टोपी घालतात. पेंढा भिजला तर थंडीने न मेलेली केळ कुजून मरते.

श्रीमंतांनी वेगळी वाट काढली. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसहून आलेली केळ गरम काचघरात जोपासली. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती फुलली आणि पुढल्या मे महिन्यात शंभरावर केळी लगडली. ड्यूकच्या घराण्याचे नाव कॅव्हेंडिश, तेच केळीला मिळाले. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या! आइसलँडात तर जमिनीतल्या गरम पाण्यावर काचघरे तापवून केळी पिकवतात. तिथे उबेला तोटा नाही, पण हिवाळ्यात सूर्यच अपुरा, म्हणून घड रेंगाळतो.

हा विषय परक्यांचा, असे मात्र समजू नका. खानदेशात क्वचितच दव गोठते, पण पारा १० अंशांखाली उतरला की रावेर-यावलचा शेतकरी रात्री झोपत नाही. डिसेंबर-जानेवारीत निसवणारा घड थंडीने आखडतो, खांबाच्या घशात अडकतो, कधी खांब फोडून बाजूने बाहेर येतो. वर्षभराचा खर्च होऊन गेलेला असतो आणि व्यापारी तो घड हातात धरत नाही. म्हणून कडेला शेवरीचे किंवा गजराज गवताचे कुंपण, पहाटे काडीकचऱ्याचा धूर, रात्री विहिरीचे पाणी. माझ्या मते धुराचे माहात्म्य जरा वाढवून सांगितले जाते. पाण्याचे काम अधिक. विहिरीचे पाणी थंड हवेहून उबदार असते, आणि ओली माती दिवसाची ऊब रात्री परत देते. रात्री वीज कधी येते यावर हे अवलंबून, हे मी आपल्याला सांगायला नको.

भाचीने शेवटी तडजोड केली. बासजू बाहेर, पेंढ्यात. शेजारी मोठ्या कुंडीत ठेंगणी कॅव्हेंडिश. ती ऑक्टोबरात घरात येते, खिडकीशी बसते, आणि थंडीभर तिला पाणी अगदी बेताने, कारण गार ओल्या मातीत कंद सडतो. तीन हिवाळे खांब टिकला आहे. परवा तिचा पुन्हा फोन आला. केळीची पाने आता दारातून आत मावत नाहीत. पाने छाटू की दाराची चौकट काढू, असे ती विचारत होती. मागचा अनुभव लक्षात घेऊन मी म्हटले, "जावयांना विचार."