हमीदाराची जबाबदारी

जर्मन कंपनीने परदेशातल्या धरणासाठी यंत्रे विकली आणि घेणाऱ्याने पैसे बुडवले, तर कंपनीचे नुकसान भरून देण्याची हमी जर्मन सरकार घेते. तिला हर्मेस हमी म्हणतात. तिच्यामागे तिथल्या करदात्यांचा पैसा उभा असतो. म्हणूनच त्या धरणात कोणाची शेती बुडते, हे पाहणे हमीदाराचेही कर्तव्य ठरते. अहिल्याबाईंच्या महेश्वरजवळ नर्मदेवर ४०० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प ठरला, तेव्हा सीमेन्स कंपनीने अशी हमी मागितली होती. बुडणाऱ्या गावांनी नर्मदा बचाव आंदोलनातून लढा दिला. १९९९ मध्ये बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यू या जर्मन वीज कंपन्या प्रकल्पातून बाहेर पडल्या. २००० मध्ये जर्मनीच्या विकास सहकार्य मंत्रालयाने रिचर्ड बिसेल यांच्याकडून पाहणी करवली. तिच्यात पुनर्वसनातील गंभीर उणिवा उघड झाल्या आणि हमीचा अर्ज मागे घेतला गेला.

कोळशाच्या बळावर श्रीमंत झालेल्या देशाने आपल्याला पर्यावरणाचे धडे का द्यावेत, असा आक्षेप घेतला जातो. त्यातला इतिहास खरा आहे. पण महेश्वरला जमिनीच्या बदल्यात जमीन ही मागणी बर्लिनने लादलेली नव्हती. मध्य प्रदेशच्याच पुनर्वसन धोरणात ते वचन होते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: एकाने हात काढला तर दुसरा पैसे देतो. तुर्कस्तानात टायग्रिस नदीवरील इलिसू धरणाला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनी २००७ मध्ये हमी दिली आणि अटी न पाळल्यामुळे २००९ मध्ये काढून घेतली. तरीही धरण झाले आणि हसनकैफ हे प्राचीन गाव पाण्याखाली गेले. यावरून अटी निरुपयोगी ठरत नाहीत. आधी हमी आणि मग तपासणी, हा क्रमच चुकीचा होता, एवढे मात्र सिद्ध होते.

हा प्रश्न फक्त हमीपुरता नाही, कर्जाचाही आहे. २०२२ च्या करारानुसार जर्मनी २०३० पर्यंत भारताला हरित विकासासाठी किमान १० अब्ज युरो देणार आहे. त्यातील बराच भाग कर्जाचा असेल. सौरऊर्जेलाही जमीन लागते आणि त्या जमिनीवर कोणाची तरी गुरे चरत असतात. म्हणून कर्जाच्या करारावर सही होण्यापूर्वी प्रकल्पाचा अहवाल गावकऱ्यांच्या भाषेत गावात पोहोचला पाहिजे, त्यांची सुनावणी झाली पाहिजे आणि तक्रारीची दाद कर्ज देणाऱ्याकडेही मागता आली पाहिजे. प्रकल्प हरित आहे, एवढ्याने यातून सूट मिळता कामा नये.