भांड्यावरचं नाव

आज बोलायचंय ते माळ्यावरच्या सामानाबद्दल. दिवाळीच्या साफसफाईला अजून वेळ आहे, म्हणूनच आत्ता सांगते.

आपली ठाकुर्ली खाडीकाठची, हे नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना खरंही वाटत नाही. शेजारचं कल्याण तर सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं दगडात कोरलेली आहेत. नाव कोरून ठेवायची हौस आपल्याकडे अशी जुनी! आपल्या आज्या-पणज्यांनी तीच हौस तांब्या-पितळेवर भागवली. रुखवतातल्या घागरीच्या काठावर बघा: नाव, गाव, कधीकधी तारीखसुद्धा.

माझ्या सासूबाईंची अशी एक घागर होती. २००५ च्या २६ जुलैला घरात पाणी शिरलं. चिखल काढून झाल्यावर पोचे पडलेली भांडी मी मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर नातीला शाळेसाठी घराण्याची माहिती हवी होती. त्यांचं माहेरचं नाव काय, हे कुणालाच नक्की सांगता येईना. रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे लग्नानंतरचंच. माहेरचं नाव होतं फक्त त्या घागरीवर. ती मी किलोच्या भावानं विकली.

त्याच पुरात आमचा अल्बमही गेला. फोटो एकमेकांना चिकटलेले, म्हणून फेकले. आता कळतं, ते वाचले असते. भिजलेले फोटो वाळल्यावर ओढून सोडवायचे नसतात. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हातानं सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. शाईनं लिहिलेले किंवा फार जुने, तपकिरी झालेले फोटो मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय पाण्यात घालू नका.

आणि लॅमिनेशन? ते तर नकोच. एकदा गरम प्लॅस्टिक बसलं की निघत नाही. सेलोटेपही नको. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नाही. शाई पुढे उतरते. कोण, कुठं, कधी, एवढंच. बायकांची नावं लिहिताना ‘काकू’ लिहून थांबू नका. काकूला नाव असतं.

आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, १८६५ चा जन्म. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला त्यांचा १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. लुगड्यातल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली जपानी मुलगी, पलीकडे सीरियाची. त्या दोघींचीही नावं फोटोवर लिहिलेली, म्हणून आज त्या केई ओकामी आणि इस्लामबुली म्हणून ओळखल्या जातात. नाहीतर त्या ‘दोन परदेशी मैत्रिणी’ झाल्या असत्या.

आपल्याकडे तर गोष्टी डोळ्यांदेखत जातात. १९१४ चा पत्री पूल २०१८ साली पाडला. चोळ्याचं रेल्वेचं पॉवर हाऊस १९२९ चं. आगगाड्यांना वीज पुरवणारं. तिथं कामाला गेलेल्या माणसांचे डबे, बिल्ले, गणवेशातले फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत असतील. चोळे, कचोरे, खंबाळपाड्यातल्या घरांत जुने पाग, वल्ही, धान्य मोजायच्या पायल्या असतील. त्या धुऊन-पुसून चकचकीत करायची घाई नको. चिंच-मीठ लावून घासलं की कोरलेलं अक्षर दरवेळी थोडं झिजतं.

या आठवड्यात एवढं करा. घरातली जुनी भांडी उन्हाच्या तिरप्या उजेडात धरा, अक्षरं उठून दिसतात. मोबाइलवर फोटो काढा, फ्लॅश न लावता. जे वाचता येईल ते वहीत उतरवा. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला शेजारी बसवा आणि ती सांगेल तसं लिहून घ्या, दुरुस्त न करता.

आमच्याकडे त्या घागरीवरचं झाकण तेवढं राहिलंय. त्यावर काही कोरलेलं नाही. मी दोनदा बघितलं.