शब्द आधी खरा हवा

 

आज मी धीर देणाऱ्या शब्दांच्या चित्रांविषयी बोलणार आहे. कागद, कापड, रंग, फोटो आणि अक्षरं एकत्र आणून केलेलं हे काम. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. प्रकार नवा नाही. १९१२ साली पिकासोनं वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं, वर अक्षरं रंगवली आणि चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला.

फौजेत असताना मला हा धडा रस्त्यावर मिळाला. सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, १९६० साली स्थापन झाली. लडाखला गेलेल्यांनी तिच्या पाट्या पाहिल्या असतील. दोन-चार शब्द, बऱ्याचदा गमतीचे. ती पाटी वळणाच्या अलीकडे उभी असते आणि पलीकडे खरोखरची दरी असते, म्हणून ड्रायव्हर ती मनावर घेतो. तीच पाटी दिवाणखान्यात लावली तर नुसती शोभा.

आपल्या शाळेतल्या सुविचाराच्या फळ्याचं तेच होतं. वाक्य चांगलं असायचं, पण ते कुणासाठी आहे ते कळायचं नाही.

निवृत्तीनंतर मी जखमी जवानांबरोबर आठवड्यातून एकदा चित्रांना बसू लागलो. कुणीतरी छापील सुविचारांचे कागद आणून ठेवले होते. एक पाय गमावलेला जवान म्हणाला, "साहेब, 'अशक्य काहीच नाही' हे खोटं आहे. पाय काही परत उगवणार नाही. पण माझ्या घराला अकरा पायऱ्या आहेत." त्यानं कागद उलटा केला, जुन्या वर्तमानपत्राच्या अकरा पट्ट्या फाडून जिन्यासारख्या चिकटवल्या आणि वर दोनच शब्द लिहिले: 'उद्या पाचवी'. जितक्या पायऱ्या तो सरावात चढायचा, तितक्याच पट्ट्या रंगवायचा. त्या दिवशी चार रंगल्या होत्या.

त्या चित्रात शब्द पुढचं पाऊल सांगतो आणि चित्र किती चढून झालं ते दाखवतं. दोघांची कामं वेगळी आहेत. 'उंच उड' लिहून खाली गरुड काढला, तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

आता कृती. जाड पुठ्ठा किंवा कॅनव्हास बोर्ड घ्या. त्यावर जेसोचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून कागद चिकटवा आणि बोटानं मधून कडेकडे दाबत हवा काढा. घरातला मूळ फोटो कधीच चिकटवू नका, झेरॉक्स वापरा. इंकजेट प्रिंटची शाई बहुधा पाण्यानं पसरते, झेरॉक्सची पसरत नाही. वर्तमानपत्र कालांतरानं पिवळं पडतं, ते चालणार नसेल तर त्याचीही झेरॉक्स काढा. त्यावर ॲक्रिलिकचा पातळ हात द्या. अक्षरं सगळ्यात शेवटी.

देवनागरीची एक सोय आहे, शिरोरेषा. ती डोंगराची कड होते, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होते, खिडकीची चौकटही होते. फक्त वेलांट्या आणि मात्रांसाठी वर जागा सोडा.

शब्द निवडताना तीन प्रश्न विचारा. हा कुणासाठी? त्याच्या आजच्या दिवसात हा खरा आहे का? आणि त्याच्यासमोर उभं राहून मी तो मोठ्यानं म्हणू शकेन का? तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळली, तर शब्द बदला.

बाजारात तयार फ्रेम भरपूर मिळतात. पण तुमच्या आजारी बहिणीचा जिना किती पायऱ्यांचा आहे, ते त्या फ्रेमवाल्याला माहीत नसतं. तुम्हाला असतं. या रविवारी एक पुठ्ठा घ्या आणि तिच्यासाठी दोन खरे शब्द शोधा.

जय हिंद.