खाडीची वाट कागदावर



महाडच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या परक्या माणसास, हे गाव एके काळी बंदर होते, असे सांगितले तर तो सभोवार पाहून हसेल. समुद्र येथून दिसत नाही. दिसतात ते सह्याद्रीचे कडे. तथापि महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून खडकांतून उड्या घेत येणारी आपली सावित्री महाडाखाली एकाएकी शांत होते आणि भरती-ओहोटीचे नियम पाळू लागते. पोलादपुरास होडीचा उपयोग नाही, आणि दासगावास होडीवाचून एके काळी चालत नव्हते. नदी एकच, अंतरही फारसे नाही. पण एक गाव डोंगराचे व दुसरे समुद्राचे!

ही वाट किती मोलाची होती, ह्याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले, ते ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरापर्यंत आले. तेथून खाडीने दासगाव गाठून, २५ तारखेस पुढची सुमारे पाच मैलांची वाट पायी चालून मंडळी महाडात आली. चवदार तळ्याचा इतिहास सांगताना आपण ह्या जलमार्गाचा उल्लेख घाईघाईने उरकतो. मला तो नेहमीच थांबून सांगावासा वाटतो.

त्या बोटी गेल्या आणि रस्ते झाले. परंतु २०१६ च्या कायद्याने सावित्री, म्हणजेच बाणकोटची खाडी, हरिहरेश्वरापाशी समुद्रास मिळेपर्यंत सुमारे ४६ किलोमीटर ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९’ म्हणून जाहीर झाली. मासेमारीच्या यांत्रिक नौका तर ह्या पाण्यात आहेतच. आता ह्या नौकांवरील तरुणांच्या हाती एक नवे साधन आले आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तेच होय.

माझा एक जुना विद्यार्थी होडी चालवतो. त्याने दासगावाहून हरिहरेश्वरास जाण्याचा मार्ग संगणकावर आखला आणि मजपुढे ठेवून म्हणाला, “गुरुजी, एवढे हिशेब तपासून द्या.” मला नौकानयन येत नाही. परंतु अक्षांश-रेखांश आणि त्रैराशिक ही दोन्ही मी आयुष्यभर शिकवीत आलो. तेव्हा नाही म्हणणे शोभले नसते.

‘ओपनसीपीएन’ नावाची एक प्रणाली आहे. ती विनामूल्य मिळते. पडद्यावर सागरी नकाशा उघडावा आणि ज्या वाटेने जावयाचे त्या वाटेवर एकामागून एक खुणा कराव्या. प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश, एका खुणेपासून दुसरीपर्यंतची दिशा अंशांत, आणि अंतर सागरी मैलांत ती प्रणाली आपोआप काढते. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. अक्षांशाच्या एका कलेइतके अंतर. महाड १८ अंश ५ कलांच्या आसपास, हरिहरेश्वर १७ अंश ५९ कलांच्या आसपास. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक अवघा सहा मैलांचा आणि उरलेला सारा प्रवास पश्चिमेकडे. नकाशा भिंतीवर टांगून मी हे मुलांस कितीदा सांगितले असेल, परंतु होडीवाल्यास ते प्रथमच खरे वाटले.

आखलेला मार्ग छापण्याची सोय त्याच प्रणालीत आहे. आता कोणी विचारील, हातातील यंत्र क्षणोक्षणी आपले ठिकाण दाखवीत असता कागद कशाला? यंत्र भिजते, तापते, त्याची विद्युत् संपते. आणि ते हातातून निसटून पाण्यात पडले की त्याबरोबर वाटही बुडते. कागद मुका असला तरी विश्वासू आहे.

मात्र छापण्याचेही शास्त्र आहे. आमच्या विद्यार्थ्याने प्रथम पडद्यावरील चित्र जसेच्या तसे छापून आणले. रात्रीसाठी पडदा काळसर केलेला होता; त्यामुळे कागदावर शाईचा लगदा झाला आणि अक्षर एक दिसेना. दिवसाचे रंग ठेवून पुन्हा छापले तेव्हा दुसरा प्रश्न निघाला. चित्र पानात बसवताना त्याचे प्रमाण बदलते. म्हणून त्यावर शाळेची पट्टी ठेवून अंतर मोजू नये. अक्षांश-रेखांशांच्या रेघा चित्रात दिसतील अशी व्यवस्था करून मगच छापावे, आणि कर्काने घेतलेले अंतर कडेच्या अक्षांशांवर मोजावे. तेथे एक कला म्हणजे एक मैल, प्रमाण कितीही बदलो. वाटेची रेघ लाल असली, तर रात्री लाल बत्तीच्या उजेडात ती नाहीशी होते; तीवरून काळ्या शाईने हात फिरवावा.

खरा आधार चित्राचा नव्हे, कोष्टकाचा. खुणेचे नाव, ठिकाण, दिशा, अंतर आणि टीप, एवढे रकाने पुरेत. दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजली आहे की होकायंत्राच्या उत्तरेपासून, हे माथ्यावर लिहिलेले असावे. परतीचे कोष्टक निराळे छापावे. येतानाचेच खालून वर वाचू गेल्यास प्रत्येक दिशेत १८० अंशांची भर घालावी लागते, आणि वाऱ्यात, लाटांत अशी बेरीज करणे म्हणजे संकटास बोलावणे. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. वर टिपण करावयाचे ते शिसपेन्सिलीने. ओल्या कागदावरही तिची रेघ विरघळत नाही.

परंतु छापले म्हणजे खरे झाले, असे मानणे हा मोठा भ्रम होय. २०१४ च्या नोव्हेंबरात, केपटाऊनहून अबूधाबीकडे जाणारी ‘वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या उत्तरेकडील एका प्रवाळरांगेवर रात्री आदळली. नौका अद्ययावत, खलाशी जगात नावाजलेले. नकाशा मोठा करून पाहिला असता तर ती रांग दिसती. लांबून पाहताना पडद्यावर तिचा धोका उमटलाच नाही. नऊही जण वाचले, हे सुदैव. तेव्हा मार्ग आखून झाल्यावर प्रत्येक टप्पा नकाशा मोठा करून तपासावा, आणि मगच छापावा.

आमच्या खाडीत तर अडचण ह्याच्या पलीकडची आहे. सागरी नकाशे मुख्यतः समुद्रगामी जहाजांसाठी केलेले. खाडीत आत शिरावे तसतसा त्यांचा तपशील विरळ होत जातो. वाळूचा दांडा गेल्या पावसाळ्यात कोठे सरकला, हे देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाहून म्हाप्रळच्या तांडेलास आधी कळते. नकाशातील खोली सर्वांत नीच ओहोटीच्या पातळीपासून दिलेली असते, तिच्यात भरतीचे पाणी मिळवावयाचे; उलट आंबेतच्या पुलाखालची मोकळी उंची भरतीच्या पातळीपासून धरावयाची.

आणि वेळेचे काय? यंत्राने सांगितले: ताशी पाच मैल वेगाने गेल्यास सुमारे पाच तास. त्रैराशिक निर्दोष होते. विद्यार्थ्याचा बेत असा की पूर्ण भरतीस दासगाव सोडावे, म्हणजे ओहोटीचा ओघ पाठीशी राहून इंधन वाचेल. आम्ही तो कागद एका वृद्ध तांडेलापुढे ठेवला. त्यांस वाचता येत नाही, वेळा ऐकून ते एवढेच म्हणाले, “म्हणजे मुखाशी पाणी सरल्यावर पोचणार तुम्ही.” ओहोटीबरोबर निघालेली होडी ओहोटीच्या अखेरीसच खाडीच्या तोंडाशी येते, तेथे दांड्यांवर पाणी सर्वांत उथळ, आणि बाहेर पडणाऱ्या ओघावर समुद्राची लाट फुटते ती वेगळीच. एक तर पाणी चढत असतानाच आधी निघावे, नाही तर बाणकोटच्या आत नांगर टाकून पाणी फिरण्याची वाट पाहावी. कोष्टकात आम्ही त्यानंतर एक रकाना हाताने वाढवला, भरतीचा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. तो ढोबळ आहे आणि खाडीत आत भरती आणखी उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची छापील भरती-कोष्टके पाहावी. पण यंत्राची एखादी ढळढळीत चूक पकडण्यास पाऊणकी पुरते.

कागदाच्या दोन प्रती काढाव्या. पहिली होडीत. दुसरी होडीत नव्हे, घरी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेली माणसे किनाऱ्यास लागेपर्यंत धक्क्यावर कोणास वार्ता नव्हती. आज फोन आहेत, तरी वाट पाहणाऱ्यास माणूस कोठे शोधावा हे ठाऊक नसेल तर फोनचा उपयोग काय? म्हणून घरच्या प्रतीवर होडीचे नाव, माणसांची संख्या, निघाल्याची वेळ, प्रत्येक खुणेशी पोहोचण्याची वेळ, आणि अमुक वाजेपर्यंत निरोप न आल्यास तटरक्षक दलास १५५४ ह्या क्रमांकावर कळवावे, असे स्पष्ट लिहावे. शोधणाऱ्यांस सबंध खाडी पालथी घालावी लागत नाही. दोन खुणांमधला पट्टा प्रथम पाहता येतो.

महाडकरांस ह्या गोष्टीचे महत्त्व खाडीत न जाताही कळावे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या, विजेचे व फोनचे हाल झाले, आणि बचावाच्या होड्या पेठेतून फिरल्या. बाहेरून आलेल्या नाविकास, पाण्याखाली कोणती भिंत आहे, कोणती गल्ली बंद आहे, तारा कोठे लोंबत आहेत, हे कसे ठाऊक असावे? सागरी नकाशात आमच्या आळ्या नाहीत. परंतु कोष्टकाची रीत तीच चालेल: ह्या कोपऱ्यापासून त्या देवळापर्यंत, अमुक दिशेस, खाली कुंपण. प्रत्येक आळीने मे महिन्यात असा एक कागद करावा व तहसील कचेरीत द्यावा, असे मी सुचवले आहे. आमच्या आळीचा झाला आहे. मी आणि त्या विद्यार्थ्याने चार संध्याकाळी पायी फिरून तो केला. शेवटच्या दोन रकान्यांपैकी एक भरतीचा आहे, कारण वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली म्हणजे पाणी गावातून हलत नाही. दुसऱ्यावर आम्ही ‘पोलादपूर’ एवढेच लिहून जागा कोरी ठेवली आहे. पावसाळ्यात तेथील पाण्याची पातळी फोनवर विचारून ती शिसपेन्सिलीने भरावयाची.