श्रेय, प्रेय आणि अकरावीचा अर्ज

 

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की मठात एक प्रश्न हमखास येतो. मुलाला गणित द्यावे की जीवशास्त्र? मुलीला इंदूरला ठेवावे की गावीच शिकवावे? वाणिज्य शाखा घेतली तर लोक काय म्हणतील? प्रश्न वडील विचारतात, आई विचारते, क्वचित् मामाही विचारतो. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न तो मुलगा मात्र खडीसाखर हातात धरून मागे उभा असतो. सर्वांची अपेक्षा अशी की, गुरुमुखातून एक शब्द यावा आणि चिंता मिटावी.

या श्रद्धेचा आदर राखूनच एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. गीतेचे अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला काय सांगितले? या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर, असे सांगितले. प्रत्यक्ष जगद्गुरूने शिष्याचा निर्णय आपल्या हाती घेतला नाही. त्याने ज्ञान दिले, धीर दिला आणि निवडीचा भार ज्याचा त्याच्यावर ठेवला. मग पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याची निवड इतरांनी परस्पर का करावी? त्याला सर्व बाजू समजावून सांगणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य, आणि विचारपूर्वक निवडणे हा त्याचा अभ्यास. हा अभ्यास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो. पण पुढील सर्व परीक्षा त्यावरच अवलंबून असतात.

कठोपनिषदातील नचिकेता हा कुमारच होता. यमाने त्याच्यापुढे दीर्घायुष्य, धन, हत्ती-घोडे आणि सर्व भोग ठेवले. त्याने ते नाकारून आपला प्रश्न धरून ठेवला. तेव्हा यमाने त्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगितला. हा भेद केवळ संन्याशांसाठी आहे अशी समजूत करून घेऊ नये. अकरावीच्या अर्जावर विषयांची नावे लिहिताना तो प्रत्येक विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. मित्राने घेतला म्हणून घेतलेला विषय, भीती वाटली म्हणून सोडलेला विषय, शेजाऱ्याच्या मुलाने नाव काढले म्हणून धरलेली वाट, ही सर्व प्रेयाची रूपे होत. प्रेय नेहमी गोडच असते असे नाही. कधी ते भीतीचे रूप घेऊन येते आणि कधी प्रतिष्ठेचे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. नववी व दहावी ही पायाभरणीची वर्षे. या दोन वर्षांत भाषा आणि गणित यांची हेळसांड झाली तर पुढे ती भरून काढणे कठीण जाते. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या दोन पातळ्या केल्या, एक प्रमाण आणि दुसरी मूलभूत. सोपी पातळी घ्यावी असे अनेकांस वाटते, आणि ज्याला पुढे गणित नकोच आहे त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु केवळ दोन गुण अधिक पडतील या हेतूने ती घेण्यापूर्वी, अकरावीत गणित मिळण्याच्या त्या वर्षीच्या अटी कोणत्या, याची शाळेत चौकशी करावी. एका खुणेने दार उघडे राहते आणि एका खुणेने ते बंद होते. खूण करणाऱ्यास ते दार ठाऊक असले पाहिजे, एवढेच.

अकरावीची निवड याहून भारी. आयआयटी आणि एनआयटी यांसारख्या संस्थांत अभियांत्रिकी शिकावयाची तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेच पाहिजे. वैद्यकासाठी ‘नीट’ परीक्षा द्यावयाची तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा सुरू झाली; तिच्यातही कोणत्या अभ्यासक्रमास कोणता विषय हवा हे विद्यापीठ ठरविते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधील कडक भिंत नसावी असे सांगितले, हे योग्यच झाले. तरी प्रवेशाच्या अटी त्यामुळे नाहीशा झालेल्या नाहीत. म्हणून विचाराचा क्रम उलटा ठेवावा. आधी पदवीच्या दोन-तीन वाटा डोळ्यांपुढे आणाव्यात, प्रत्येकीस कोणते विषय लागतात ते कागदावर लिहावे, आणि मग अकरावीचा अर्ज भरावा. सोडलेला विषय पुढे अतिरिक्त विषय म्हणून घेता येतो, हे खरे; पण तेव्हा श्रम दुप्पट होतात आणि बहुधा एक वर्षही खर्ची पडते.

निवड करण्याचा हा अधिकार किती मोलाचा आहे, हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. धारपासून काही कोसांवर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म झाला. पुढे मुंबईत माध्यमिक शाळेत शिकत असताना त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते. जातीमुळे ते त्यांस नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १९१२ साली पदवीधर झाले. १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. नाकारलेले संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केले. संस्कृताची सेवा करणाऱ्या प्रत्येक पाठशाळेने आणि मठाने ही गोष्ट मान खाली घालून ऐकावी अशीच आहे. ज्या भाषेत सर्वांभूती एक आत्मा सांगितला, तिचेच दार एका बुद्धिमान बालकास बंद करण्यात आले. आज ते दार उघडे आहे. ज्याच्यापुढे सर्व विषय मांडलेले आहेत, त्याने आळसाने किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून निवड करणे, म्हणजे पूर्वजांना न मिळालेले धन रस्त्यात टाकून देणे होय.

संस्कृत घेतले म्हणजे विज्ञान सुटले, आणि विज्ञान घेतले म्हणजे संस्कृत संपले, असाही एक भ्रम आहे. कोकणात महाडजवळील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. तेच पुढे केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले ते याच आयुष्यात. आणि धारनगरीस तर याचे नवल वाटण्याचे कारणच नाही. अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावावर व्याकरण आहे, अलंकारशास्त्र आहे, वास्तुविद्येवरील समरांगणसूत्रधार आहे आणि योगसूत्रांवरील राजमार्तंड ही टीकाही आहे. धारच्या शिलालेखांत वर्णमाला आणि प्रत्यय सर्पाकृतीत कोरलेले आढळतात. शिकणाऱ्यास चटकन आठवावे म्हणून व्याकरण जेथे दगडावर कोरले गेले, त्या नगरीच्या मुलांनी एका विषयास दुसऱ्याचा शत्रू मानू नये.

कलेचेही तसेच. इंदूरच्या चित्रकला विद्यालयात दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मराठी गुरूंच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन शिकले. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी धार ही आपली कर्मभूमी केली आणि १९६१ साली ते पद्मश्री झाले. ज्याच्या हातात रेषा आहे, त्याला केवळ गुण चांगले पडले म्हणून दुसऱ्या शाखेत कोंबणे हे शहाणपणाचे नव्हे.

पाठशाळेत वेदाध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी दोन शब्द. पाठशाळा म्हणजे महाविद्यालयाचा रस्ता बंद, असे आता राहिलेले नाही. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदसंस्कृत शिक्षा मंडळाच्या वेदभूषण आणि वेदविभूषण या परीक्षांना २०२२ साली अनुक्रमे दहावी व बारावीची समकक्षता मिळाली. उज्जैन येथेच महर्षी पाणिनी यांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही आहे. परंतु समकक्षतेचा कागद हाती असणे आणि रसायनशास्त्र शिकलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता अभ्यासक्रम हे प्रमाणपत्र स्वीकारतो, हे प्रवेशाच्या वर्षी नव्हे, त्याच्या दोन वर्षे आधी विचारावे.

आता शिकवणीवर्गांविषयी. दहावी होण्यापूर्वीच मुलास कोट्याला किंवा इंदूरला वर्गात घालण्याची घाई अनेक घरांत दिसते. त्यासाठी शेत गहाण पडते, सोने मोडले जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांस अशा वर्गांत घेऊ नये असे म्हटले, ते उगाच नव्हे. दुसरी एक कुप्रथा अशी की, नाव एका शाळेत आणि मुलगा दिवसभर शिकवणीत. अशा मुलाची प्रयोगवही कोरी राहते आणि शाळेचे गुरुजी त्याला ओळखतही नाहीत. एनआयटी व आयआयटीच्या प्रवेशास बारावीचे ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट सर्वसाधारण विद्यार्थ्यास लागू असते. म्हणजे मंडळाची परीक्षा काही टाकाऊ नाही. शिकवणी हवी असल्यास घ्यावी. परंतु ती शाळेची पूर्ती म्हणून, शाळेच्या जागी नव्हे. खर्चाच्या बाबतीत मध्य प्रदेश शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेसारख्या योजनांची माहिती बारावीच्या आधीच करून घ्यावी, आणि उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. दाखल्यावाचून अडलेली हुशारी फार केविलवाणी असते.

आणि एवढे करूनही वर्ष फुकट गेले तर? येथे देवासने साऱ्या देशाला एक उत्तर दिलेले आहे. बालपणीच मैफली गाजविणारे कुमार गंधर्व त्या टाळ्यांवर थांबले नाहीत, मुंबईस प्रा. देवधरांच्या विद्यालयात त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन शिक्षण घेतले. पुढे १९४८ साली क्षयाने ग्रासल्यावर कोरड्या हवेसाठी ते देवासला आले. काही वर्षे गाणे सर्वथा बंद. गवयाच्या आयुष्यातून गाणेच काढून घेतले, तर उरले काय? परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील बायाबापड्यांची लोकगीते ऐकली, आणि बरे होऊन ते गाऊ लागले तेव्हा ते ऐकणे त्यांच्या गाण्यात उतरले. सक्तीची ती विश्रांती वाया गेली नाही. मध्य प्रदेशात २०१६ साली अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या संधीची योजना निघाली, तिचे नावच ‘रुक जाना नहीं’ असे होते. शासनसुद्धा जे म्हणते, ते आईबापांनी म्हणू नये काय? निकालाच्या दिवशी घरात जे शब्द उच्चारले जातात, त्यांवर कधी कधी एका जिवाचे असणे-नसणे ठरते. म्हणून त्या दिवशी प्रथम मुलाला जेवू घालावे. गुणांचे नंतर पाहावे. मुलाचे मन फारच खचलेले दिसले, तर टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलण्यात कोणताही कमीपणा नाही.

विद्यार्थ्यांनी रोजच्या आचरणात चार गोष्टी सांभाळाव्यात. झोप पुरी घ्यावी. कारण जागरणाने वाचलेले सकाळी आठवत नाही. अभ्यासाच्या वेळी दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. जपाच्या वेळी माळ हातात आणि मन बाजारात, अशी गत होऊ देऊ नये. न समजलेले त्याच आठवड्यात गुरुजींना विचारावे. लाज ही विद्येची मोठी वैरीण आहे. आणि सोबत अशी धरावी की, जिच्यात आपली चूक सांगणारा निदान एक मित्र असेल.

वडीलधाऱ्यांसाठी एकच विनंती. पुढच्या उन्हाळ्यात मुलास घेऊन मठात याल, तेव्हा त्याला मागे उभे करू नका. त्याला पुढे बसवा, त्याच्या हाती कागद द्या, आणि कोणत्या वाटा आहेत, त्यांस काय लागते, त्याला काय आवडते आणि कशाची भीती वाटते, हे त्यालाच बोलू द्या. गुरूचा आशीर्वाद निवडीच्या जागी येत नसतो. निवड झाल्यावर ती पार पाडण्याचे बळ म्हणून तो येतो. ते बळ येथे जमलेल्या प्रत्येक मुलामुलीस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥